जलाल फिटर आणि बांधातला बेडूक

जलाल मणियार म्हटलं तर जुन्नरात चारजण विचारात पडतील, पण जलाल फिटर म्हटलं की शेंबडं पोरही बोट करून दाखवेल. आपटाळ्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज. दारात कायम दोन-तीन जीपा बॉनेट वर करून उभ्या, आणि आत खांद्यावर फडकं टाकून जलाल. वय बावन्न. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, आंबे-हातवीज-दुर्गवाडीकडं माणसं वाहणाऱ्या बहुतेक जीपांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली.

त्याची एक रीत होती. गाडी आली की तो आधी हात लावायचा नाही. "चालू कर," म्हणायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल हाय, टिकटिकतोय." नाहीतर, "बेअरिंग बोलाया लागलंय, आठ दिवस काढंल." गिऱ्हाईक हसून गाडी घेऊन जायचं आणि नवव्या दिवशी दोर लावून ओढत आणायचं.

असा हा माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा, ती म्हणजे साप. त्यातून नशिबानं आडनाव दिलं मणियार. घराण्याचा मूळ धंदा बांगड्यांचा, म्हणून मणियार. पण शाळेतल्या पोरांना बांगड्यांशी काय देणंघेणं? त्यांना मण्यार म्हणजे विषारी साप, एवढंच ठाऊक. हजेरीला गुरुजींनी नाव घेतलं की मागच्या बाकावरून हमखास ‘फुस्स’ असा आवाज यायचा. तो काढणारा बहिरू, डोंगरातल्या वाडीवरनं शिकायला येऊन वसतिगृहात राहिलेला. बहिरूची न् जलालची दोस्ती पुढं टिकली, पण सापाचं भय काही गेलं नाही. गॅरेजात कधी धामण शिरली तर जलाल रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा आणि ती गेल्याची दोघांकडून खात्री करून घेतल्यावरच परत यायचा.

दोन वर्षांमागं श्रावणात एके दिवशी सकाळी पप्पू जीपवाल्याचा फोन आला.

"फिटर, गाडी घाटात पडलीय. लगेच या."

"काय झालं?"

"झटके देत बंद पडली. आन् दुसरं म्हंजे, गाडीत साप शोधणारी मान्सं हाईत. मी खाली उतरून लांब उभा हाय."

"साप हाय का गाडीत?"

"न्हाई म्हंत्यात. पण पिशव्या हाईत."

जलालनं मोटारसायकलला हत्यारांची पेटी बांधली आणि निघाला. वर घाटात धुकं असं दाटलेलं, की जीप दिसायच्या आधी पप्पूची छत्री दिसली. जीपजवळ गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक तिशीतली बाई उभी होती. तेजस्विनी तिचं नाव. पुण्याहून आलेली, बेडूक-सापांचा अभ्यास करणारी. तिच्यासोबत सुदर्शन, गळ्यात कॅमेरा आणि हातात आवाज टिपायचं यंत्र. पठारावर पावसाळ्यात कोणकोणते साप-बेडूक आहेत, त्याची नोंद करायला दोघं आली होती. वनखात्याचं परवानगीचं पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं.

"ताई, पिशव्यांत काय?" जलालनं चार हात लांबूनच विचारलं.

"रेनकोट आणि डबे. साप आम्ही नेत नाही हो. बघतो, फोटो काढतो, जिथला तिथं सोडतो."

मग तो पुढं झाला. दुखणं सोपं निघालं. डिझेलमध्ये पाणी आलं होतं आणि नळीत हवा धरली होती. त्यानं फिल्टर मोकळा केला, पंप मारून हवा काढली, आणि सवयीनं डोळे मिटून कान दिला. भुवया आक्रसल्या.

"पप्पू, गाडी बंदच हाय न्हवं?"

"चावी माझ्या खिशात हाय."

"मग टॅपेट कोण वाजवतंय?"

तेजस्विनी खळखळून हसली. "टॅपेट नाही जलालभाई, बेडूक आहे तो. कारवीच्या पानावर बसतो. अंगठ्याच्या नखाएवढा असेल. माद्यांना बोलावतोय."

जलालनं पुन्हा कान लावला. टिक्-टिक्-टिक्. टिक्-टिक्. धुक्यात चहूबाजूंनी चाललेलं. आणि त्याखाली, जरा थांबून थांबून, टक्. टक्.

"दोन हाईत," तो म्हणाला.

"दोन कसले, शेकड्यांनी असतील," सुदर्शन म्हणाला.

"तसं न्हाई. दोन जातीचे हाईत. एक वर झाडात वाजतोय, दुसरा खाली, दगडात."

सुदर्शननं यंत्राचा पडदा दाखवला. त्यावर रेघाच रेघा. इथं एकच जात असल्याचं त्यानं समजावलं. हवा गार झाली, नर दमला, की तोच बेडूक वेगळ्या तऱ्हेनं ओरडतो.

जलालनं हात पुसले. "साहेब, इंजिन गार असताना येगळं बोलतंय, तापल्यावर येगळं. कबूल. पण गार झालं म्हणून डिझेलचं पेट्रोल व्हत न्हाई."

सुदर्शन पुन्हा पडदा चाळू लागला. तेजस्विनी मात्र या माणसाकडं जरा निरखून बघू लागली. "तुम्ही दाखवाल का हा दुसरा?" तिनं विचारलं.

इथं जलालची पंचाईत झाली. दाखवायचं म्हणजे रानात शिरायचं, आणि रानात काय असतं ते त्याला आडनावामुळं कधी विसरताच आलं नव्हतं. पण तीस वर्षांत त्याच्या कानाला खोटं ठरवून कुणी घाट उतरलं नव्हतं. "चला, दावतो," तो म्हणाला. पप्पूनं तर सुटकेचा निःश्वास टाकून चावी जलालच्या हातात ठेवली. "तुमीच न्या फिटर. मी तुमच्या मोटारसायकलीवर घरी जातो. गाडी तुमची काय, माझी काय!" आणि बघता बघता धुक्यात गडप झाला.

दुर्गवाडीच्या अलीकडं वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी लागते. तिथं रस्त्यावर आडवा बांबू टाकून दहा-बारा माणसं उभी होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, दोघातिघांच्या कमरेला कोयते. जीप थांबताच एकजण पुढं आला आणि त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"उतरा खाली! पिशव्या उघडा! मांडूळ न्याया आलाय काय?"

त्यांचा राग उगाच नव्हता. आदल्या वर्षी अशीच शहरातली माणसं आली होती. मांडुळाला लाखो रुपये मिळतात, अशी लालूच दाखवून त्यांनी वाडीतल्या दोघा तरण्या पोरांना साप धरायला लावलं. पुढं पोलीस आले तेव्हा ती माणसं पसार झाली आणि पोरं चौकीत बसली. तेव्हापासून साप हा शब्द काढणाऱ्याला वाडी उभं करत नव्हती.

तेजस्विनीनं पत्र काढलं. ते इंग्रजीत. पुढच्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिलं. "मराठीत लिव्हायला हात दुखत्यात का?" म्हणून तो आणखी तापला. तेवढ्यात जलालनं काच खाली केली.

"बहिरू, बॉनेटवर थाप मारू नगं. आताच बसवलंय."

बहिरूचं तोंड उघडंच राहिलं. "आरं मन्यार, तू? तू साप धराया निघालास?" आणि तो असा काही हसायला लागला, की बाकीच्यांना बांबू कशासाठी आडवा टाकलाय तेच आठवेना. "ह्यो मानूस," तो वाडीला सांगू लागला, "रबराचा साप बघून वर्गाच्या खिडकीतनं बाहेर उडी मारल्याला हाय! ह्यो काय मांडूळ नेतोय!"

बांबू बाजूला झाला. तेजस्विनीनं पत्राचा मजकूर मराठीत वाचून दाखवला, चहा झाला, आणि तिघांची राहायची सोय समाजमंदिरात लागली.

पहिल्या दिवशी जलाल डांबरी सोडून खाली उतरला नाही. रस्त्यावरूनच सांगायचा, "डावीकडं, अजून खाली, तो दगड... न्हाई, त्याच्या पल्याडचा." ती दोघं चिखलात गुडघे टेकून शोधायची. हरणटोळ साप सापडला, पाणदिवड सापडली, आणि पानावरचे बेडूक तर ढिगानं. पण ‘टक्’ करणारा काही दिसेना. जवळ गेलं की तो गप्प, लांब गेलं की सुरू.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीनं एक दगड उलटला आणि जलालला हाक मारली. "जलालभाई, या बघू इकडं. जबरदस्ती नाही. पण याला बघून तुम्ही भ्यालात तर मीच तुमच्या गॅरेजात नोकरीला येईन."

तो दबकत दबकत गेला. तिच्या तळहातावर वीतभर लांबीचा, काळपट, गुळगुळीत प्राणी संथपणे बोटांमधून वाट शोधत होता. अंगावर तेलाच्या डागासारखे रंग चमकत होते. खापरखवल्या, तिनं सांगितलं. मातीत राहतो, गांडुळं खातो, चावायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. पण हाही सापच.

जलाल बराच वेळ बघत राहिला. "शेपूट कुणी कानशीनं घासलंय ह्याचं?" त्यानं विचारलं. खरंच, शेपटीचं टोक तिरकं छाटून खरखरीत केल्यासारखं होतं. त्यानंच तो मागचं बीळ बंद करतो, असं तेजस्विनी म्हणाली. ही युक्ती जलालला मनापासून पटली. ज्यानं कुणी हे बनवलं, त्यानं विचार करून बनवलं होतं. त्यानं एक बोट पुढं केलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं आणि टेकवलं.

"नव्या फॅनबेल्टसारखं लागतंय," तो म्हणाला, आणि बोट मागं घ्यायचं विसरला.

तिसऱ्या दिवशी तो रस्ता सोडून आपणहून खाली उतरला. धुकं होतं, वारा पडला होता, आणि ‘टक्’ स्पष्ट येत होता. जलाल डोळे मिटून एक एक पाऊल टाकत गेला आणि बहिरूच्या भातखाचराच्या बांधाशी थांबला. छातीएवढा उंच, दगडावर दगड रचून केलेला जुना बांध. त्याच्या खालच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, त्यानं तळवा ठेवला.

"हितं. हाताच्या अंतरावर."

आता बेडूक सापडायचा तर दगड काढायला हवे होते, आणि बहिरू काही केल्या तयार होईना.

"बांध माझ्या आज्यानं रचलाय. एक दगूड हालला तर पानी जाईल, आन् पान्यामागनं भात जाईल. बेडकापायी मी पोरांच्या तोंडचा घास घालवू का?"

"त्यांचं बरोबर आहे," तेजस्विनी म्हणाली. "आपण आवाज टिपला आहे, तेवढ्यावर थांबू." तिनं बॅग आवरायलाही घेतली. सुदर्शननं वही मिटली, पण नुसत्या आवाजावर दुसरी जात वहीत चढत नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

जलाल बहिरूशेजारी बांधावर टेकला. "बहिरू, तुझ्या जीपचं इंजिन मी किती येळा खोललं?"

"पाच-सा येळा."

"परत बसवल्यावर कदी एखादा नट उरला?"

"न्हाई."

"कदी त्याल गळलं?"

"न्हाई गळलं."

बहिरूनं खाचराकडं पाहिलं, जलालकडं पाहिलं. "एक हात," तो शेवटी म्हणाला. "हातभर रुंद. त्याच्याम्होरं न्हाई. आन् आतल्या मातीच्या थराला धक्का लावायचा न्हाई."

जलालनं दोन रिकामी पोती मागवली आणि बांधासमोर अंथरली. इंजिन खोलताना जसे भाग मांडतात तसे तो दगड मांडत गेला. वरच्या रांगेतले वर, खालचे खाली, ज्या तोंडानं बसले होते त्याच तोंडानं. मधल्या चिपासुद्धा जागच्या जागी. पहिली रांग निघाली, दुसरी निघाली. वाडीतली निम्मी माणसं बघायला जमली होती. तिसऱ्या रांगेतला चपटा दगड त्यानं उचलला आणि बहिरू एकदम ओरडला,

"मन्यार! मन्यार!"

"काय रं?" जलाल दगड हातात धरून वळला.

"आरं तू न्हाई! हाताखाली, हाताखाली!"

कपारीत काळपट तपकिरी अंगावर पांढरे पट्टे असलेला साप वेटोळं करून पडला होता. जलालनं दगड टाकला नाही, हे त्याचं मोठेपण. तो जपून पोत्यावर, नेमक्या जागी ठेवला, आणि मग दोन पावलं मागं सरून चिखलात मटकन बसला. तेजस्विनी काठी घेऊन पुढं झाली, वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला.

"कवड्या आहे. बिनविषारी. पट्टे बघा, मानेपासून सुरू झालेत आणि शेपटीकडं पुसट होत गेलेत. मण्यारीचं उलट असतं. पण लांबूनच बघा हं, ओळखू आल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही."

तिनं काठीनं हलकेच वाट करून दिली. कवड्या सरसरत बांधाच्या पलीकडच्या फटीत गेला. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता अख्खी वाडी हसू लागली. "हाक मारली तर ओ देतोय गडी!" बहिरूच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिखलात बसलेला जलालही हसत होता, पण उठायची घाई मात्र करत नव्हता. कवड्या गेल्याची त्यानं दोघांकडून खात्री करून घेतली. मग उठला, हात धुतले आणि पुन्हा बांधाशी जाऊन वाकला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

चौथ्या रांगेत, दोन दगडांच्या सांदीत, ओल्या मातीच्या रंगाचं काहीतरी बसलं होतं. सुपारीएवढं. डोळ्याभोवती बारीक सोनेरी कडी. सगळे श्वास रोखून उभे राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्याचा गळा फुग्यासारखा फुगला.

टक्.

सुदर्शनच्या यंत्रावर रेघ उमटली. कारवीवरच्या बेडकाच्या रेघेपेक्षा आखूड आणि जाड. तेजस्विनीनं रेघ पाहिली, बेडूक पाहिला. मग हळूच म्हणाली, "दोन आहेत जलालभाई."

हा बेडूक तिनं आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या बाजूला पाहिला होता. या पठारावर मात्र त्याची नोंद तिच्या माहितीत कुणीच केलेली नव्हती. सुदर्शननं वही काढली, दुसरी ओळ लिहिली, आणि जलालपुढं हात केला. "चुकलो मी. मी पडदा बघत होतो, तुम्ही ऐकत होतात."

फोटो झाले, मापं झाली. बेडूक सांदीत होता तिथंच राहिला आणि जलालनं त्याच्यापुढं दगड उलट क्रमानं रचले. शेवटची चीप ठोकून झाल्यावर बहिरूनं बांधावर उभं राहून दोनदा उड्या मारल्या, खाली वाकून ओल तपासली. थेंब नव्हता.

"आता एवढं केलंस तर उरल्याला बांधबी खोलून बसव की," तो म्हणाला. "त्यो पल्याडचा कोपरा चार वर्सं झाली हालतोय."

आणि खरंच, दुपारी जेवण झाल्यावर जलालनं तो कोपराही बसवून दिला. सुदर्शन दगड उचलून देत होता.

घरी पोचल्यावर बायकोनं, सितारानं, त्याला दारातच थांबवलं. कपड्यांचा चिखल, दाढीचे खुंट, आणि तोंडावर लग्नातल्या नवऱ्याला शोभेल असं हसू. "तीन दिवस बेडकापायी?" ती म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. खापरखवल्याला बोट लावल्याचं सांगितल्यावर तिनं त्याचं ते बोट साबणानं दोनदा धुवायला लावलं. मुलगी तहरीम कॉलेजात शिकायची. तिनं रात्रीच्या जेवणाआधीच ‘अब्बा आणि टक्’ असं नाव देऊन घरच्यांचा मोबाइलवर ग्रुप काढला.

हिवाळ्यात तेजस्विनीचा अहवाल छापून आला. आभाराच्या पानावर नाही, तर काम करणाऱ्यांच्या यादीतच तिसरं नाव होतं: जलाल मणियार, जुन्नर. त्यानं ते पान टपरीवर नेलं. टपरीवाल्यानं आडनाव मोठ्यानं वाचलं आणि सवयीनं ‘फुस्स’ केलं. जलालनं चहाचा घोट घेऊन शांतपणे त्याला मण्यार आणि कवड्या यांच्या पट्ट्यांतला फरक समजावला. त्यानंतर आसपासच्या वस्त्यांवरून कुणाच्या घरात साप निघाला की गॅरेजात फोन येऊ लागले. साप धरायला जलाल आजही जात नाही. त्यासाठी तो जाणत्या सर्पमित्राचा नंबर देतो. पण फोनवर धीर मात्र तोच देतो. "काठी खाली ठिवा. दार उघडं ठिवा. त्यो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलाय. मला इचारा, मला म्हाईत हाय." आता दर पावसाळ्यात आठवडाभर गॅरेज बंद असतं, आणि आहुप्यापासून दुर्गवाडीपर्यंत कुठंतरी घाटात तो डोळे मिटून उभा असतो.

गेल्या भाद्रपदात सितारा पहिल्यांदा त्याच्याबरोबर वर गेली. पठार सोनकीच्या फुलांनी पिवळंधमक झालं होतं. बहिरूच्या बायकोनं, साळुबाईनं, नाचणीच्या भाकरी आणि ठेचा बांधावरच आणला. सितारानं घरनं खिम्याचे समोसे नेले होते. दोघींचं असं जुळलं, की जलाल तिला बेडकाची जागा दाखवायला आला तेव्हा तिला वळून बघायलाही फुरसत नव्हती. त्यातून ऊन पडलेलं, बेडूक चिडीचूप. तासभर वाट पाहिली, एक ‘टक्’ नाही.

"दिसला का तुझा तो?" सितारानं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं.

"आज बोलत न्हाई."

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली आणि सरकून त्याला बांधावर बसायला जागा केली. "ठेचा घे. लई तिखट हाय, बेतानं."